मुंडकं खाली

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं म्हणून या फेब्रुवारीत आम्ही दोघं गावी होतो. ताई देवळीहून आली, मी वर्ध्याहून. आईच्या डोळ्यात थेंब टाकायला दोन माणसं लागतात. एक थेंब टाकतो आणि दुसरा तिला बोलू देत नाही. त्या दुपारी थेंब पडले, आई आडवी झाली, आणि ताईने ओट्यावर सतरंजी टाकून माझा मोबाइल मागितला. तिचा स्वतःचा आहे, चांगला आहे. पण माझ्या मोबाइलात चित्र मोठं दिसतं असं तिचं म्हणणं, आणि शाळेतल्या बाईंशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तिने काय लावलं ते मी आधी नीट पाहिलंच नाही. आवाज मात्र ऐकू आला, एक लांब घरघर, आधी हलकी, मग जाड होत गेलेली. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, पण कुठला ते मला क्षणभर कळेना.

"पाह्य," ताई म्हणाली, "क्लिनरनं मुंडकं खाली घातलं."

मग मी पाहिलं. बर्फात खोदलेली एक वाकडीतिकडी नाली होती, मोठ्या माणसाला उभं राहता येईल एवढी. तिच्या तोंडाशी दोन माणसं एका लांबट गाडीला ढकलत धावली. पुढचा उडी मारून आत बसला, मागचा शेवटच्या पावलापर्यंत ढकलत राहिला, मग तोही आत पडला आणि डोकं पुढच्याच्या पाठीत घालून दिसेनासा झाला. गाडी खाली सुटली.

"दोन माणसायची बॉबस्ले म्हनते याले," ताईने माहिती दिली. "ऑलिंपिकात असते. आन हे जर्मनीवाले. पहिली गाडी त्यायचीच, दुसरी त्यायचीच, तिसरीबी त्यायचीच. मागच्या खेपेलेबी तीनही नंबर त्यायनंच नेल्ते. बाकीचे देश नुसते पाहात राह्यते."

"असं कसं?"

"त्यायच्याकडं असे चार उतार हायेत म्हने. गाड्याबी स्वतःच बनवते. आपल्याकडं एकच उतार होता." तिने पदराने काच पुसली आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

शेवटी ते सहाजण ओळीत उभे राहिले. एकाच देशाचे तीन झेंडे वर गेले. मागे बसणारे तिघं तोंड उघडं टाकून हसत होते आणि दुसऱ्या देशांचे लोक येऊन त्यांना मिठ्या मारत होते. मी त्या तिघांचे चेहरे बारकाईने पाहिले. एकालाही भीती वाटत नव्हती. तिन्ही जागा एकाच घरात गेल्या आणि यांना कुणी काही म्हणत कसं नाही, असं माझ्या मनात आलं.

मी भित्रा माणूस आहे, हे इथेच सांगून टाकतो. गॅसचं बटण दोनदा पाहतो. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे बसत नाही. साहेबांनी बोलावलं तर आधी पाणी पितो. बायको म्हणते तुमचा जन्मच दचकून झाला असावा. ते खरं नाही. दहाव्या वर्षापर्यंत मी बरा होतो, मग ताईने मला तिच्या गाडीचा क्लिनर केलं.

"चाल," ताई मोबाइल ठेवत म्हणाली, "सडकेवर जाऊन येऊ."

आमचं गाव कारंजा घाडगेपासून पाच-सहा किलोमीटरवर, हायवेच्या बाजूला. मी अगदी लहान असताना हायवे सरळ केला आणि टेकडीला वळसा घालून येणारा त्याचा एक तुकडा तसाच सुटून पडला. त्याला सगळे जुनी सडक म्हणतात. गाडीघोडं नाही, पण डांबर पक्कं, बाजूला मैलाचा दगड, दोन्हीकडे निंब. सोंगणीनंतर लोक तिथे सोयाबीन वाळत घालत, मग तूर. वरच्या बाजूला संत्र्याची बाग होती आणि माघात तिच्यातून फुलोऱ्याचा असा गोड वास यायचा की डोकं जड व्हायचं. सडक टेकडीवरून निघायची, निंबाखालून जायची, नाल्यावर एक अवघड वळण घ्यायची आणि आमच्या वस्तीच्या अलीकडे पुलाशी येऊन सपाट व्हायची. पलीकडे विहार, त्याच्यावर निळा झेंडा, मग आमची पंधरा-वीस घरं.

आमच्याकडे उतार होता आणि बाबा होते. बाबा कारंज्याला हायवेवरच्या एका गॅरेजात कामाला होते. ट्रकांची चाकं उघडायची, धुवायची, ग्रीस भरायचं. निकामी म्हणून काढलेले बेरिंग ते घरी आणत. संध्याकाळी अंगणात तेलाचा कापलेला डबा, त्यात डिझेल, आणि डिझेलात बुडवलेली ती लोखंडी कडी. बाबा एकेक काढायचे, चिंधीने पुसायचे, तर्जनीवर घालून फिरवायचे आणि कानाशी न्यायचे. आम्हीही श्वास धरायचो.

"वाजते," म्हणून ते एक बाजूला टाकत. दुसरं फिरवत. "हेबी वाजते." आणि कधीतरी एक बोटावर फिरत राही, फिरत राही, आवाज नाही, फक्त ग्रीसचा वास. तेव्हा बाबांचा चेहरा लहान पोरासारखा होई. "हे मुकं हाय. हे ताईच्या गाडीले."

एक फळी, पुढे पायाने वळवायची आडवी पट्टी, पट्टीच्या दोन टोकांना दोरी, खाली चार बेरिंग. पुढे बसतो तो डायवर. मागे बसतो तो क्लिनर, ट्रकवर असतो तसाच. क्लिनरने धावत ढकलायचं, उडी मारायची, आणि रेषा ओलांडेपर्यंत डोकं डायवरच्या पाठीत खुपसून ठेवायचं, नाहीतर वारं अडतं. क्लिनरच्या उजव्या हाताला लाकडी दांडा, दांड्याच्या खाली टायरचा तुकडा. तो ब्रेक. ब्रेक रेषेच्या पुढेच मारायचा, आधी नाही, हे आमच्यात खोटं न बोलण्याएवढं पक्कं होतं.

त्यामुळे त्या सडकेचा उतार मी कधी पाहिलेलाच नाही. चालत चढताना पाहिला, पण गाडीवर नाही. गाडीवर तो मी ऐकला. सुरुवातीला जाड खडीवरची कडकड, दात एकमेकांवर आपटायचे. मग निंबाची सावली मानेवर यायची आणि एकदम गार वाटायचं. मग नाल्यावरच्या मोरीचा सिमेंटचा पट्टा, तिथे आवाज पोकळ व्हायचा, जणू खाली कुणी नाहीच. पोकळ आवाज आला की मला कळायचं, आता वळण. ताईची पाठ आखडायची. तिच्या मणक्याचं एक हाड माझ्या कपाळाला टोचायचं. खोबरेल लावलेली वेणी ती फ्रॉकात खोचायची, तरी एक बट सुटून माझ्या तोंडात जायची. वळणाच्या बाहेर नाल्याचे दगड होते. मला ते दिसत नव्हते आणि तेच वाईट होतं. मी डोळे मिटून म्हणायचो, ताई आहे, ताई आहे. मग अंगावरचा भार सरकायचा, पुन्हा सरळ व्हायचा, लोकांचा गलका जवळ यायचा आणि ती ओरडायची, "मार!" मी दांड्यावर पडायचो. जळक्या रबराचा वास आला की समजायचं, आपण वाचलो.

दर वेळी मला वाटायचं की हे शेवटचं. दर वेळी ती मागे वळून विचारायची, "भेलास का बे?" मी नाही म्हणायचो.

शर्यत सव्वीस जानेवारीला असायची. झेंडा, भाषण, बुंदी, आणि मग पांढऱ्या कपड्यातली अख्खी शाळा आणि अर्धं गाव जुन्या सडकेवर. सडक अरुंद म्हणून एकेक गाडी सोडत. पुलाशी चुन्याची रेषा, रेषेवर कवायतीचे गुरुजी हातात घड्याळ घेऊन. भोंग्यावर वेळ सांगत. गावातल्या पोरांच्या सात-आठ गाड्या, आमच्या वस्तीच्या तीन. एक आमची, दोन माझ्या चुलतभावांच्या. तिन्हींचे बेरिंग बाबांच्या कानाखालून गेलेले.

पहिल्या वर्षी आमच्या तिन्ही गाड्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आल्या. लोक हसले, पाठी थोपटल्या. ताईला स्टीलचा डबा मिळाला. एका पोरीने गाडी हाणली म्हणून बायका तिचे गाल ओढत होत्या.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तसंच झालं. टाळ्या जरा उशिरा सुरू झाल्या.

तिसऱ्या वर्षी भोंग्यावर तीन नावं झाली आणि आमच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. बाकी कुणी नाही. गुरुजी आपलं घड्याळ कानाला लावून पाहत होते, बंद पडलं की काय म्हणून. मी ताईच्या मागे उभा होतो आणि बुंदीचा द्रोण माझ्या हातात होता. ती शांतता मला चांगली आठवते. दूरवर हायवेवर ट्रक गिअर बदलत होता, तेवढाच आवाज. मी एक बुंदी तोंडात टाकली ती चावायचं मला सुचेना. ताईला त्यातलं काही दिसलं नाही. ती या वर्षीचा डबा उघडून त्याचं झाकण घट्ट बसतं का ते पाहत होती.

त्याच संध्याकाळी गावातली चार-पाच माणसं आमच्या हातपंपाशी येऊन उभी राहिली. पाणी प्यायली नाहीत, कुणाला काही बोलली नाहीत. एकाने आमच्या गाडीला पायाने थोडं पुढे ढकललं, थोडं मागे ओढलं. गाडी मुकी होती, आवाज न करता फिरली. मग ती माणसं गेली. बाबा अंगणात होते. त्यांनी गाडी उचलून घरात, पलंगाखाली नेऊन ठेवली. त्यानंतर ती कायम पलंगाखालीच राहायची, आणि ग्रीसचा वास आमच्या पांघरुणांना लागला.

चौथ्या वर्षी पंचवीस जानेवारीला मी बाबांचा डबा घेऊन गॅरेजात गेलो. शेजारच्या ढाब्यावर वरणाला फोडणी बसत होती. टायरला ठिगळ लावताना येतो तो उग्र वास, त्यात तो लसणाचा. बाबा एका ट्रकच्या सावलीत बसले होते, समोर डिझेलचा डबा. उद्याच्या गाडीचे बेरिंग धुणं चालू होतं. त्यांनी एक बोटावर घालून फिरवलं आणि कानाशी न्यायचं विसरले. ते फिरत राहिलं आणि बाबा हायवेकडे पाहत राहिले.

"बस," ते म्हणाले. "तुले ब्रेक नीट मारता येते ना?"

"येते. रेषेच्या पुढं मारतो."

"उद्या वळणात मारजो. जरासाच. दांडा टेकवायचा आन उचलायचा."

मला वाटलं ते माझी परीक्षा घेत आहेत. "वळणात नाई मारत बाबा. हरून जाऊ ना."

"हाव," बाबा म्हणाले. "मारजो."

"काऊन?"

"काऊन नाई. आन ताईले सांगू नको."

त्यांनी हात पुसायला चिंधी उचलली. तेव्हा मला दिसलं की त्यांची बोटं थरथरत होती. बाबांनी ट्रकखाली झोपून जॅक सुटताना पाहिलेला होता. साप हाताने उचलून लांब टाकला होता. त्या माणसाची बोटं थरथरत होती आणि ते मला दिसू नये म्हणून त्यांनी ती चिंधीत गुंडाळली. कुणी काय म्हटलं होतं, कुणी म्हटलं होतं, कुठे बोलावलं होतं, हे मी त्यांना तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. मला आजही माहीत नाही. मला फक्त बाप भ्यालेला कसा दिसतो ते माहीत आहे, आणि ते एकदा पाहिलं की घरातली कोणतीच भिंत पक्की वाटत नाही.

सव्वीस तारखेला झेंड्याखाली उभं राहून सगळ्यांबरोबर प्रतिज्ञा म्हणताना मी एक ओळ मागे राहिलो. बागेत एखाद-दुसऱ्या झाडाला पहिला फुलोरा आला होता. वर पोचल्यावर ताईने वेणी खोचली, पट्टी पायाने दोन्हीकडे फिरवून पाहिली, आणि मला म्हणाली, "यावर्षी वळणात मी दोरी उशिरा ओढणार हाय. अजून जोरात जाऊ. तू फक्त मुंडकं खाली ठेव."

मी ढकललं. उडी मारली. कडकड, मग सावली, मग तो पोकळ आवाज.

ताईची पाठ आखडली आणि मी दांडा टेकवला.

जरासाच, बाबांनी म्हटलं होतं तेवढाच. पण वळणात गाडीचं ढुंगण धरलं की तेच बाहेर फेकलं जातं, हे मला काय माहीत? मागची बाजू घसरली. ताईने दोरी ओढली, पुन्हा ओढली, तिचा श्वास तुटल्याचा आवाज मी ऐकला. आम्ही दगडात गेलो नाही. तेवढं तिने सांभाळलं. पण कडेच्या मुरमात गाडी आडवी झाली आणि तिचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलला गेला. आम्ही उठून, गाडी सरळ करून, पायाने ढकलत रेषेपर्यंत आलो. गुरुजींनी वेळ सांगितलीच नाही.

त्या वर्षी आमच्या वस्तीचं एकही नाव भोंग्यावर आलं नाही. चुलतभावांच्या गाड्या पडल्या नाहीत, नुसत्या सुस्त आल्या. गावातल्या पोरांनी बक्षिसं घेतली, आणि टाळ्या अशा वाजल्या की निंबावरचे पोपट उडाले. जिंकलेला पोरगा नाचत नाचत ताईकडे आला आणि तिचा हात पाहून म्हणाला, "लय लागलं का वं?" तो चांगला पोरगा होता. अजूनही भेटला की हाक मारून चहा पाजतो. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं.

घरी बाबा तिच्या हाताला हळद लावत होते. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. आई चुलीकडे तोंड करून बसली होती.

"माह्यं चुकलं बाबा," ताई म्हणाली. ती रडत नव्हती, तिला नीट समजून घ्यायचं होतं. "मी दोरी लय उशिरा ओढली. माह्या हाताले समजलंच नाई."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"होते पोरी," ते म्हणाले आणि हळद लावत राहिले.

त्यानंतर काय काय गेलं ते सांगतो. गाडी गेली, फळीचा पाट झाला, बेरिंग कुठे गेले कुणास ठाऊक. पांघरुणांतला ग्रीसचा वास एका उन्हाळ्यात गेला. पुढच्या जानेवारीत ताई म्हणाली, मी आता मोठी झाली, आणि सगळ्यांनी मान हलवली. दोन-तीन वर्षांनी शर्यतही बंद पडली. बाबा बेरिंग बोटावर फिरवून कानाशी नेत, ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. ते गेले त्याला आता आठ वर्षं झाली.

आणि एक वाक्य राहिलं. ताई मास्तरीण झाली, देवळीला नोकरी, तिथेच सासर. भाऊजींनी हौसेने स्कूटी आणली. ताईने हात लावला नाही. "माह्या हाताले वळण समजत नाई," ती म्हणाली. भाऊजी हसले. मग ते घरातलं ठरलेलंच झालं. ताई बसने जाते, ताई मागे बसते, ताईच्या हाताला वळण समजत नाही. लेकी मोठ्या झाल्या, त्यांनी गाड्या घेतल्या, आणि त्याही म्हणू लागल्या. दर वेळी सगळे हसतात. मीही हसतो. इतकी वर्षं मी त्या वाक्याला हसत आलो आहे.

मधे एका लग्नात चुलतभाऊ राजूशी बसलो होतो. तो दुसऱ्या गाडीचा क्लिनर होता. जेवणं झाली होती, पान खात तो म्हणाला, "एक गोष्ट तुले कधी सांगतली नाई. त्या वर्षी मी वळणात ब्रेक मारला होता. माह्ये बाबूजी म्हनले होते." मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. मग त्याने हळूच सांगितलं की तिसऱ्या गाडीच्या क्लिनरलाही त्याच्या घरून तेच सांगण्यात आलं होतं. तिन्ही डायवरांपैकी कुणालाच नाही. तिघं क्लिनर, तीन डोकी खाली, आणि तिघांनाही वाटत होतं की असं भ्यालेलं घर आपलं एकट्याचंच आहे. राजूने पान थुंकून विषय बदलला आणि मीही बदलू दिला.

तर या फेब्रुवारीत त्या दुपारी आम्ही जुन्या सडकेवर चढत होतो. पळस फुलला होता. डांबर मधेमधे उखडलं आहे आणि फटींतून गवत आलंय, पण निंब आहेत. ताई पुढे, मी मागे. ती अजून त्या गाड्यांबद्दलच बोलत होती.

"तीनही जागा त्यायच्या, आन सगळे खुश," ती म्हणाली. "त्या पुढच्या पोरायचे हात पाह्यले का तू? किती शांत. मले त तेवढं जमलंच नाई. एवढंसं वळण होतं."

आम्ही मोरीवर आलो होतो. माझ्या पायाखाली तो सिमेंटचा पट्टा होता. पळून जावं, आईला पाहून येतो म्हणावं, असं मनात आलं. मी पन्नाशीला टेकलेला माणूस आहे आणि मला माझ्या बहिणीची भीती वाटत होती.

"ताई," मी म्हणालो, "ब्रेक मी मारला होता."

"कवा?"

"वळणात. तवा. तुह्यं नाई चुकलं. मी दांडा टेकवला होता."

ती थांबली. पण मला आता थांबता येईना. मी गॅरेज सांगितलं, डिझेलचा डबा सांगितला, चिंधीत गुंडाळलेली बोटं सांगितली. राजूचं सांगितलं, तिसऱ्याचं सांगितलं. सगळं बोलून झालं तेव्हा माझा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"बाबा भेले होते?" ताईने विचारलं.

"हाव."

"तू पाह्यलं?"

"हाव."

"मंग मले काऊन नाई सांगतलं त्यायनं?"

"तू ऐकलं नसतं."

"नसतंच ऐकलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "कायले ऐकू? आमी कोनाचं चोरलं होतं का? पयलं, दुसरं, तिसरं आलो त आलो!" वरच्या बाजूने एक बाई शेळ्या घेऊन येत होती, ती दचकून थांबली.

ताईने पदर खोचला. चपला काढून कडेला ठेवल्या आणि वळणाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. तिने गुडघे वाकवले, दोन्ही हात पुढे घेतले आणि मुठी आवळल्या. डोळे मिटले. उजवा पाय जरा पुढे, डावा खांदा आत. मूठ थांबली, थांबली, मग ओढली. पुन्हा पहिल्यापासून. तिने तीन वेळा केलं, भर दुपारी, सडकेच्या मधोमध, केस पिकत आलेल्या माझ्या बहिणीने. तिसऱ्या वेळी ती सरळ उभी राहिली आणि आपले हात उलटे-सुलटे करून पाहत राहिली.

"बरोबर होतं," ती म्हणाली. मला नाही. "मी बरोबर वळवली होती."

मी तिच्याजवळ गेलो. तिच्या चपला उचलून पुढे केल्या. तिने घेतल्या नाहीत.

"मी पोरींदेखत म्हनत राह्यली," ती म्हणाली. "माह्या शाळेतल्या पोरायदेखत म्हनली. आन तू बाजूले बसून हासत राह्यला."

"हाव, ताई."

"तुले आज माफ नाई करत मी. उद्याचंबी सांगत नाई."

मी मान हलवली. शेळ्या आमच्या दोन्ही बाजूंनी खाली गेल्या. ताई मैलाच्या दगडावर बसली आणि डावी बाही वर करून कोपरापासून मनगटापर्यंत बोट फिरवत राहिली, तिथे आता काही दिसत नाही. मला वाटलं ती अजून रागावेल, आणि तिने रागवावं असंच मला वाटत होतं.

"किती भेव असन रे त्यायले," ती शेवटी म्हणाली, "का गाडीच्या एवढ्या नादाच्या मानसानं मले माह्यं चुकलं म्हनू देल्लं."